झाडाला ठेवलेला तुरा

सानिका, परवा फोनवर मी तुला मागची बाग दाखवत होते, तेव्हा तू विचारलंस, "आजी, त्या बुटक्या झाडाला एकच फूल का गं? बाकीची कुठे गेली?" वेद मागून ओरडला, "आजीने खाल्ली!" तुम्ही दोघं हसत सुटलात, मग पुण्यात तुमच्या क्लासची वेळ झाली आणि उत्तर राहून गेलं. दोन वाक्यांत देण्यासारखं ते नव्हतंच. मला प्रत्येक गोष्ट तिच्या जागी आणि क्रमाने लागते, तुमचा बाबा अजून त्यावरून मला चिडवतो. तर हेही क्रमानेच सांगते.

त्या झाडाला इथे सेरिंग म्हणतात. इंग्रजी गोष्टींत तुम्ही लायलॅक वाचलं असेल, ते हेच. सेरिंग एरवी माणसाच्या डोक्यावरून वर जातं, फुलं काढायला शिडी लागते. हे मात्र माझ्या कमरेपाशी थांबतं, आणि मे महिन्यात बारीक पांढऱ्या फुलांच्या तुऱ्यांनी इतकं भरतं की पानं शोधावी लागतात. आता ते इथे उइटहॉर्नमध्ये कुठल्याही रोपवाटिकेत कुंडीत मिळतं. कुंडीला चिठ्ठी असते, 'लहान बागेसाठी उत्तम'. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तसं झाड एकच होतं आणि ते आमच्या जिन्याच्या पायथ्याशी, एका छोट्या वाफ्यात उभं होतं.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बाबांना ॲमस्टरडॅमजवळ विजेची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली, आणि मी पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममधून थेट लोकरीच्या मोज्यांत आले. राहायला जागा मिळणं तेव्हाही कठीणच होतं. बाबांच्या ऑफिसातल्या कुणीतरी शब्द टाकला म्हणून आल्समेर गावात एका बागाईतदाराच्या घराचा वरचा मजला आम्हाला मिळाला. दोन खोल्या, तिरकं छप्पर, आणि शिडीसारखा उभा जिना. आई तो जिना नेहमी उलटी उतरायची, एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून. खाली घरमालक राहायचे, मेनेर खेरित आणि त्यांची बायको. मेनेर म्हणजे आपलं 'साहेब' किंवा 'राव'. बायकोला मी तांते रीत म्हणायची, तांते म्हणजे मावशी. आई मात्र मेनेरना, अर्थात त्यांच्या माघारी, 'खालचे अण्णा' म्हणायची. त्यांच्या भुवया म्हणे तिच्या थोरल्या काकांसारख्या होत्या.

मेनेर पिढीजात सेरिंगवाले. गावालगत मोठं तळं आहे, त्यात लांबट बेटं आणि बेटांवर सेरिंगच्या रांगा. थंडी सुरू झाली की झाडं मुळांच्या मातीसकट उपटायची, सपाट नावेत रचून घरामागच्या काचघरात आणायची आणि उबेला ठेवायची. झाडांना वाटतं वसंत आला, आणि बाहेर बर्फ असताना ती फुलतात. फुलं बाजारात गेली की वसंतात झाडं परत बेटावर, नवी मुळं धरायला आणि पुढचं सबंध वर्ष विसावा घ्यायला. पहिल्या हिवाळ्यात आई खिडकीशी बसून त्या नावा बघत असे. नाव ढकलायचा बांबू पाण्यात बुडल्याचा आवाज, मग लाकडाला लाकूड घासल्याचा, आणि धुक्यातून पुढे सरकणारी मातीने भरलेल्या मुळांची रास.

"म्हणजे यांच्याकडे झाडांच्याही बदल्या होतात," आई म्हणाली.

"आणि वर्षभर रजाही मिळते," बाबा म्हणाले. "माझ्यापेक्षा बरं."

आईचे ते दिवस बरे नव्हते, हे मला आता कळतं. तिला इथली भाषा येत नव्हती, इंग्रजी कामापुरतं. हसून बोलायची, पण दिवसभर घरात आवाज असा फक्त कुकरचा आणि तिच्या पुटपुटण्याचा. सगळ्यात तिला काय सलत होतं, तर पूजेला फूल नाही. पुण्यात आमच्या कॉलनीत पहाटे परडी घेऊन निघायची रीत होती. कुणाची जास्वंद कुंपणाबाहेर आलेली, कुणाचा प्राजक्त रस्त्यावर सांडलेला. ज्याच्या हाताला जे येईल ते त्याने देवाला न्यावं. त्याला कुणी चोरी म्हणत नसे. झाडाचा मालक गॅलरीत दात घासत उभा असला तर उलट तोच सांगायचा, "काकू, त्या मागच्या फांदीवर अजून आहेत." नियम दोनच होते. फांदी मोडायची नाही, आणि झाड ओकं करायचं नाही. एक फूल झाडाला ठेवायचं.

मेनेरचं ते बुटकं झाड मला ठाऊक होतं, कारण तेवढ्या एका विषयावर मेनेर बोलत असत. माझी डच भाषा निम्मी त्या झाडामुळे सुधारली. ते त्यांनी बियांपासून वाढवलं होतं, माझ्या जन्माच्याही आधी पेरलेलं. शेकडो रोपांतलं हे एकच खुजं राहिलं आणि तरी भरभरून फुललं. बागाईतदारांच्या मंडळाने ते पाहून पसंत केलं तर त्याला नाव मिळणार होतं, रोपवाटिका त्याची कलमं करणार होत्या. मंडळाची माणसं एकदा येऊन गेली होती आणि "अजून एकदा पूर्ण बहरात पाहू" म्हणाली होती. मेनेरचा पुतण्या आता धंदा बघू लागला होता आणि त्याला त्या वाफ्यावर गुलाबासाठी काचघर वाढवायचं होतं. "त्यांनी हो म्हटलं तर वाफा राहील," मेनेर मला म्हणाले होते, "नाही तर कुऱ्हाड." आणि हात आडवा फिरवून दाखवला होता. त्या वसंतात ते रोज सकाळी टोपी काढून झाडासमोर उभे राहत, डॉक्टर खाटेशी उभे राहतात तसे.

मामाने पुण्याहून पंचांग पाठवलं होतं, त्यामुळे आईला तिथी कळत. चैत्रगौर तिने बसवली होती. आमची पितळेची अन्नपूर्णा, बाबांनी फळांच्या खोक्याच्या फळ्यांतून केलेला झोपाळा, आणि आरास म्हणून दुधाच्या बाटल्यांच्या झाकणांच्या रंगीत चांद्या. कैरी कुठून मिळणार? तांते रीतने एकदा रुबार्बचे, म्हणजे इथल्या एका आंबट भाजीचे, लाल देठ दिले होते. आईने एक चावून पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाली, "झालं, सापडली कैरी." रुबार्ब किसून तिने डाळ केली, उकडून पन्हं केलं, गुळाच्या जागी तपकिरी साखर आणि वर वेलदोडा. अक्षय्य तृतीयेला तांते रीत आणि शेजारच्या दोघींना हळदीकुंकवाला बोलवायचं ठरलं होतं. मंडळाची माणसंही त्याच दिवशी यायची होती, हे मला माहीत होतं. पण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

त्या सकाळी मला जाग आली ती वासाने. सगळ्या घरात गोड, गार वास कोंडला होता. स्वयंपाकघरात आई न्हाऊन बसली होती, समोर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर पांढऱ्या तुऱ्यांचा ढीग. ती एकेक बारीक फूल सुटं करून दोऱ्यात ओवत होती. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता.

"बघ वसू, मोगरा नाही तर नाही. गौर कशी खुलेल आज!"

"आई, कुठून आणलीस?"

"खालून. त्या बुटक्याची. बाकीच्या ताडमाड झाडांना माझा हात कुठे पोचतोय? हे शहाणं आहे बाई. देवाच्या फुलांसाठीच बेतून केल्यासारखं."

"विचारलंस?"

"देवाच्या फुलांना कोण विचारतं?"

मी बाबांकडे धावले. ते दाढी करत होते, अर्धा गाल फेसाचा. मी सांगितलं तसा त्यांचा हात थांबला. ओरडले नाहीत. फक्त आरशाकडे बघत म्हणाले, "आता ही जागा जाते." जागा गेली तर आम्ही कुठे जाणार होतो? माझी शाळा, माझी नुकती कुठे वळायला लागलेली जीभ, आईची रुबार्बची डाळ, सगळं त्या तिरक्या छपराखाली होतं. आणि खाली ते झाड होतं, ज्याच्यावर माझ्या आधीपासून एक म्हातारा माणूस डोळे लावून बसला होता.

आम्ही खाली उतरलो तेव्हा मेनेर आधीच तिथे होते. रविवारचा काळा कोट, हातात टोपी. झाड हिरवंगार, आणि मधोमध उंच फांदीवर एकच पांढरा तुरा. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. बाबा इंग्रजीत क्षमा मागू लागले, मी त्याचं डच करू लागले. तेवढ्यात आई उलट्या पावलांनी जिना उतरून आली. आमचे चेहरे पाहून तिला काहीतरी चुकल्याचं कळलं होतं, पण काय ते कळलं नव्हतं.

"वसू, त्यांना सांग, मी फांदी एकही मोडलेली नाही. आणि झाडाला एक ठेवलाय."

मी सांगितलं. मेनेरनी त्या तुऱ्याकडे पाहिलं.

"एकाचं मी काय करू?" ते म्हणाले आणि आत निघून गेले.

दहाच्या सुमारास तिघंजण आले. आम्ही वरच्या खिडकीत उभे होतो, काच थोडी उघडी. तिघांतला सगळ्यात वयस्कर झाडाभोवती फिरून म्हणाला, "खेरित, आम्हाला पानं दाखवायला बोलावलंस?"

मेनेर टोपीची कड चाचपत राहिले.

"शेळी शिरली का?"

"नाही," मेनेर म्हणाले. "वरचे भाडेकरू."

त्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. मग तांते रीतचा आवाज आला, ठणठणीत, "फुलं वर आहेत, तर वर जाऊन बघा. तोवर मी कॉफी करते." आणि खरंच, लाकडी बूट दाराशी काढून तिघं आमच्या जिन्यावरून वर आले. मागून मेनेर. खोलीत मावेनात. झोपाळ्यावर गौर बसली होती, पांढऱ्या फुलांत गळ्यापर्यंत बुडालेली. आईने स्टीलच्या पेल्यांत पन्हं दिलं, कारण दारी आलेल्याला तसं पाठवायचं नसतं. वयस्कर माणसाने खिशातून भिंग काढलं, गौरीच्या अंगावरचं एक फूल उचलून पाहिलं, मग पन्ह्याचा घोट घेतला आणि मला विचारलं, "रुबार्ब?" मी मान हलवली. त्याने पेला रिकामा केला.

"रंग चांगला आहे, खेरित. पण आम्ही झाड बघायला येतो, मूर्ती नाही. पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी," मेनेर म्हणाले. त्यांचा चेहरा त्या काळ्या कोटावर पिठासारखा दिसत होता. पुतण्याला एक वर्ष थांबवणं किती कठीण गेलं, ते मला तांते रीतकडून नंतर कळलं.

त्यानंतरचं वर्ष कसं सांगू? काही घडलं नाही, आणि रोज काहीतरी घडेल असं वाटत राहिलं. मेनेरनी आम्हाला जागा सोडा म्हटलं नाही. त्यांनी फक्त झाडाभोवती चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली. ती गुडघ्याएवढ्या उंचीची सुतळी मला घरातून काढण्यापेक्षा वाईट वाटली. दाराची घंटा वाजली की आई पदराला हात पुसायची आणि जागच्या जागी उभी राहायची. बाबा रविवारी सायकलवरून बुइटनव्हेल्डर्टकडे जागा बघून येत, आणि आल्यावर न विचारताच "महाग" म्हणत. आईने परडी खिळ्याला टांगली. पूजेला अक्षता वाहायची. "फुलाच्या जागी अक्षता चालतात," म्हणायची, "शास्त्रात आहे." मेनेर मला "सुप्रभात" म्हणत, पण झाडाबद्दल एक अक्षर नाही. माझं डच त्या वर्षी फारसं सुधारलं नाही.

झाडाबद्दल सांगितलं ते तांते रीतने. सेरिंग पुढच्या वर्षीचं फूल याच उन्हाळ्यात धरतं. पानं गळली की प्रत्येक फांदीच्या टोकाला डोळ्यांची जोडी दिसते. डोळे टपोरे असले तर फूल, बारीक असले तर नुसतं पान. आणि तोडताना फांदीला धक्का लागला असेल तर काहीच नाही. पानं गळल्यापासून मी शाळेतून आले की सायकल टेकवून सुतळीबाहेरून वाकून बघायची. वर गेल्यावर आई कणीक मळता मळता, मान वर न करता विचारायची, "आले का डोळे?"

"आहेत."

"टपोरे?"

"कळत नाही गं."

एक दिवस मात्र कळलं. टपोरेच होते, टोकाटोकाला जोडीने, तपकिरी आणि घट्ट. आईने कणकेचे हात जोडले आणि पुढच्या क्षणी म्हणाली, "पण थंडी आहे ना अजून सबंध?" तिचं बरोबर होतं. काळजीला फक्त नवी जागा मिळाली.

हिवाळा झाडाने सोसला. भीती होती ती वसंतातल्या उशिराच्या गोठणाऱ्या दहिवराची, कळ्या फुगल्यावर पडणाऱ्या. एका संध्याकाळी रेडिओवर तशी सूचना आली. मेनेर गोणपाटं घेऊन धावत होते, पण काचघराच्या फुटक्या तावदानांवर आणि नुकत्याच मातीत लावलेल्या झाडांवर सगळी गोणपाटं संपली. एक उरलं ते त्यांनी बुटक्यावर टाकून पाहिलं. त्याच्या भाराने कळ्यांच्या फांद्या वाकल्या, तसं त्यांनी ते घाईघाईने काढलं आणि हातात धरून नुसते उभे राहिले. आई खिडकीतून बघत होती. ती आत गेली, ट्रंक उघडली आणि माझ्या आजीची दोन जुनी लुगडी घेऊन उलटी जिना उतरली. धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली, हलकी. सुतळीपाशी येऊन थांबली. तिने सुतळी ओलांडली नाही.

मेनेरनी लुगड्याचा पोत दोन बोटांत धरून पाहिला. मग वाकून एका खुंटीची गाठ सोडली.

त्या दोघांनी झाडाला लुगडं नेसवलं, मला दुसरा शब्द नाही. आई घोळ सोडत गेली, मेनेर टोकं विटांखाली दाबत गेले. दोघं आपापल्या भाषेत सूचना देत होते, "अहो, इकडून सैल सोडा" आणि "हळू, बाई, हळू", आणि मला कुणी भाषांतर विचारलं नाही. सकाळी लुगडं कडक झालं होतं, कागदासारखं उभं राहत होतं. आतल्या कळ्या जिवंत होत्या.

त्या वर्षी तिथी लवकर आली. अक्षय्य तृतीया होऊन गेली तेव्हा झाडावर नुसत्या हिरवट कळ्या होत्या. गौर त्या दिवशी उठवायची असते. आईने उठवली नाही. "परदेशात थोडी जास्त राहिली तर काय बिघडतं?" म्हणाली. झोपाळ्यावर फूल एकही नव्हतं, फक्त चांद्या आणि अक्षता. बाबांनी विचारलं, "कशासाठी थांबवली आहेस तिला?" आईने झोपाळ्याला हलका झोका दिला. मला वाटतं, एका वर्षापूर्वी जिच्या फुलांसाठी ते संकट ओढवून घेतलं, तिला त्याचा निकाल लागेपर्यंत घरी कशी पाठवायची, असं काहीसं तिच्या मनात असावं.

मंडळाची माणसं आली तेव्हा झाड पूर्ण बहरात होतं. पांढरंशुभ्र, कमरेएवढं. या वेळी आईने खिडकी लावून घेतली आणि आम्हाला बघू दिलं नाही. आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसून राहिलो. खालचे आवाज नुसते घुमत होते, शब्द कळत नव्हते. कुणीतरी मोठ्याने काही म्हणालं. मग फाटक वाजलं. बाबांनी उगाचच मीठ सरकवून पुन्हा जागेवर ठेवलं. आईच्या ओठांची हालचाल चालू होती.

जिन्यावर पावलं वाजली, जड आणि सावकाश. दार उघडलं तर मेनेर. काळा कोट, टोपी डोक्यावरच राहिलेली, आणि दोन्ही हातांत फुलांच्या बाजारात नेतात ती उथळ लाकडी पेटी, काठोकाठ पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेली. त्यांनी ती गौरीपुढे जमिनीवर ठेवली आणि कंबर धरून सरळ झाले.

"झालं," मला म्हणाले. "नाव मिळणार."

मी ते आईला सांगायच्या आत आईचं लक्ष पेटीकडे गेलं होतं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढला.

"अगं बाई, सगळं झाड ओरबाडलं की काय यांनी? विचार आधी. एक तरी ठेवलाय का?"

मी घाबरत घाबरत विचारलं. मेनेरनी आईकडे पाहिलं, त्या काकांसारख्या भुवया वर गेल्या. एक बोट उभं करून त्यांनी ते खिडकीच्या दिशेने खाली रोखलं.

"तिला सांग," ते म्हणाले, "मी काय शेळी आहे?"